पिवळ्या रंगातलं काळं रान

सुभद्रा माझी धाकटी जाऊ. जिभेनं तिखट, हातानं कष्टाळू. लग्न होऊन आली तवा तिच्या वाट्याच्या तीन एकरांत नुसते दगड. ऊसतोडीहून आली की ती उन्हाळाभर दगड वेचायची, तळ्यातला गाळ पाटीनं डोक्यावर आणून टाकायची. असे पंधरा उन्हाळे घातले तवा कुठं रान झालं. आता त्या काळ्या रानात जवारी माणसाच्या डोक्यावर जाती.

यंदा मंगसरात कळलं, सरकारनं नवा नकाशा केलाय. शेती राखायची ती हिरवी, घरं बांधायची ती पिवळी. सुभद्राचं रान पिवळं! आन् पलीकडचा माळ, जिथं शेळीबी तोंड घालत न्हाई, तो हिरवा. हरकत आसंल तर शुक्रवारपत्तुर अर्ज द्यायचा. मंगसरात आर्धं गाव कोल्हापूरकडं उसात आसतं, हे आख्ख्या बीड जिल्ह्याला ठाऊक हाय. ह्यांनाच तेवढं न्हाई. मला तर शिसारीच आली.

आमी दोघी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणले, "आजी, नवऱ्यामागं सातबारा मुलाच्या नावावर झालाय. त्याचीच सही लागेल."

"दगड मी वेचले, साहेब."

"ते सातबाऱ्यावर येत नाही."

तिनं पोराला, अजिनाथला, उसाच्या फडावर फोन लावला. मुकादम त्याला सोडंना. सून सुरेखा पलीकडून वरडली, "आत्या, दोन दिस मी एकटी तोडते. ह्यांना धाडते."

शुक्रवारी दुपारी पोरगं आलं, अंगावर उसाचं पाचट तसंच. ऑफिसात गेलो तर कुलूप. शिपाई तंबाखू मळत म्हणला, "समदे साहेब शेती वाचवा मेळाव्याला गेलेत."

म्हणजे शेती वाचवायच्या नादात शेती वाचवायचा अर्ज घ्यायला माणूस न्हाई. लाज कशी वाटत न्हाई ओ ह्यांना?

सुभद्रा तडक मेळाव्याच्या स्टेजवर चढली. त्यांना वाटलं, सत्काराची बाई आली. एकानं शाल घातली, एकानं नारळ दिला, फोटोबी काढला. तिनं शाल काढून टेबलावर ठेवली, पोराच्या सहीचा अर्ज पुढं केला. "ह्याची पोच द्या."

"शिक्का ऑफिसात आहे आजी. सोमवारी या."

"सोमवारी म्हणताल, मुदत संपली. शिक्का हितं मागवा, मी बसते." आन् बसली की पाव्हण्याच्या खुर्चीत!

खाली लोक हसाया लागले तसा साहेबांनी शिपाई पळवला. शिक्का आला. पोच आईच्या हातात देऊन अजिनाथ चारच्या गाडीनं परत उसाला गेला.

दोन महिने झाले. विचारलं की म्हणतात, विचार चालू हाय. रान आजून पिवळंच. परवा मोटारसायकलवर दोघं आले, बांधावरून पावलं टाकीत मोजायला लागले.

"कावून मोजताय?" सुभद्रानं विचारलं.

"प्लॉट किती पडतेल बघतोय, मावशी."

"आसं व्हय? जवारी काढणीला आलीया. इळा देते, एकेक पाथ धरून कापत चला. म्हंजे नीट कळंल रान केवढं हाय ते."

तिनं खरंच दोन इळे आणले. तवर गाडी सडकंला लागली व्हती. मग एक इळा मी घेतला, एक तिनं.