चार बोटे लोकर

ट्रंकेचे झाकण उघडले की आधी डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास नाकाशी यायचा आणि मग हात आपोआप त्या लोकरीत मनगटापर्यंत बुडायचा. किती मऊ! सुतळीहून जाड, तरी अंगात जराही ताठा नाही. दुधावर नुकत्याच धरलेल्या सायीचा रंग आणि बोटांना हळूहळू कळत जाणारी ऊब. उत्तरेत नोकरीला असलेल्या माझ्या भावाने तिच्या बारा लडी पाठवल्या होत्या. तेव्हा आम्ही विंझरला होतो. मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि माझा पहिला मुलगा नुकताच जन्मला होता. वेल्ह्याकडून येणारा पौषातला वारा कौलांच्या फटींतून घरात शिरे, तेव्हा त्या ट्रंकेत हात घालून मी नुसतीच उभी राहत असे.

लोकर हाती आली की बाई विणू लागते, असा तुमचा समज असेल तर तो खोटा आहे. बाई आधी बेत करू लागते. अंगभर शाल करावी म्हणून दोन सुलट, दोन उलट अशी वीतभर पट्टी मी विणलीही. मग वाटले, एवढी उंची लोकर, शाळेतल्या मास्तरणीच्या अंगावर तिचे कौतुक करणार कोण? उसवली. मग भोरला हळदीकुंकवाला घालून जाण्यासाठी अर्ध्या बाह्यांचा कोट ठरला, त्याचा नमुना मासिकातून कापून ठेवला. तोही मागे पडला आणि उशीची खोळ, पायमोजे, कानटोपी, किटलीवर घालायचे टोपडे असे एकेक मनात येऊन गेले. एकदा तर रेडिओला झगा विणायचे ठरवले. घरात रेडिओ नव्हता! प्रत्येक बेतागणिक त्या लोकरीचा मान वाढत गेला आणि तिच्या तोलामोलाची वस्तूच जगात उरली नाही. इथवर हसण्यासारखेच आहे. हसून घ्या, कारण पुढे मला हसता येत नाही.

माझी सुटका करू पाहिली ती सोनाबाईने. विंझरच्या बौद्धवस्तीतली ती सुईण. रुंद पंजे, खरखरीत बोटे आणि आवाज मात्र विलक्षण मृदू. माझ्या लेकराला या जगातला पहिला स्पर्श झाला तो तिच्या हातांचा. पुढे महिनाभर ती रोज येऊन त्याला तेल लावी, न्हाऊमाखू घाली. तिच्या चहाचा कान तुटलेला कप आमच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असे, हेही इथेच सांगून टाकते. ज्या हातांत मी माझे मूल निःशंक दिले, त्या हातांना मी माझा कप देत नव्हते.

महिना सरला तेव्हा रिवाजाप्रमाणे मी तिच्यापुढे लुगडे ठेवले. तिने ते बाजूला सारले. बाजेवर मी लोकर उन्हाला घातली होती. तिची एक लड उचलून तिने क्षणभर गालाला लावली. "लुगडं नगं, बाई. माजी लेक पयल्या खेपंची हाय. तिच्या लेकराला ह्याची कुंची इनून द्या. आमच्या वस्तीवर थंडी लई मारती वो."

डोक्यावर टोपडे आणि पाठीवर झूल अशी ती तान्ह्या बाळाची कुंची! अशा जाड लोकरीची ती दोन संध्याकाळींत झाली असती. मी "देईन हं" म्हटले आणि ट्रंक लावून टाकली. पुन्हा विचारायला आली तेव्हा मी तिला, प्रत्यक्ष सुइणीला, शास्त्र सांगितले : "बाळ जन्मण्याआधी त्याचं काही शिवू-विणू नये, सोनाबाई." वास्तविक माझ्या मुलाची तीन झबली त्याच्या जन्माआधीच शिवून तयार होती आणि ती त्याला घातली होती तिनेच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "व्हय, त्ये बी खरंच." रूढीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण देण्याची वेळ आली की आपल्याला किती रूढी आठवतात!

मार्गशीर्षात नात झाल्याचा निरोप आला. आता शास्त्राचा आडोसा उरला नाही. मी ट्रंक उघडली, लोकर बाहेर काढली, सुयांवर बारा टाके घातलेही. आणि मनात जे आले ते आज जसेच्या तसे लिहिते : ही लोकर, आणि त्या घरात? टाके काढले. शिवणाच्या पिशवीच्या तळाशी जुन्या स्वेटरांचे, मफलरांचे उरलेले तुकडे होते. विटका हिरवा, तपकिरी, लाल, कसलासा करडा. ते एकमेकांना गाठी मारून मी कुंची विणली. हाताला खरखरीत लागत होती. गाठी आतल्या बाजूला राहिल्या.

नाव ठेवायच्या दिवशी सोनाबाईने मला आग्रहाने घरी नेले. नातीला कुंची घालून ती दारोदार मिरवत होती. "आमच्या बाईंनी सोता इनलीया," ती सांगत होती, आणि बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. तिला कळले नव्हते का? सायीच्या रंगाची लोकर जिने गालाला लावून पाहिली होती, तिला ही हिरवी-तपकिरी लोकर ती नव्हे हे दिसले नसेल? तरी एका शब्दाने तिने मला उघडे पाडले नाही. पुढे केलेला चहा मी "आत्ताच झाला" म्हणून टाळला आणि लगबगीने घरी आले.

पुढे भोरच्या शाळेत बदली झाली. ट्रंकही आली. बेत होतच राहिले, हळूहळू तेही थांबले. मुलगा सातवीत गेला त्या हिवाळ्यात एका सकाळी सोनाबाई दारात उभी. कापूरहोळला गाडी बदलून ती एवढ्या लांब आली होती. पाठीत वाकली होती, आवाज मात्र तोच. पदराखालून तिने एक गाठोडे काढले. तीच कुंची! धुऊन धुऊन रंग एकमेकांत मिसळून गेलेले, पण वीण शाबूत. "लेकीची चार पोरं हिच्यात वाढली, बाई. आता पाचवं हाय. हितं तेवढं भोक पडलंय. तुमचीच इन हाय, तुमीच सांदा."

मी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या. नव्या घालायचे वर्षानुवर्षे राहूनच गेले होते. हात नेहमीसारखा आत घातला आणि लोकर हाताखाली तुटत गेली. कसर लागली होती. बारा लडींचे वीत-वीत, बोट-बोट तुकडे झाले होते. शाल नाही, कोट नाही, कुणाच्याच अंगाला ती कधी लागली नाही. जिचे मोल राखले ती किड्यांनी खाल्ली आणि टाकाऊ चिंध्यांची कुंची चार लेकरांना पुरून उरली होती.

खाली बसून मी त्यातले बरे तुकडे निवडले आणि ते भोक विणून काढले. जेमतेम चार बोटांचे ठिगळ झाले. साऱ्या लोकरीतून एवढेच काय ते निघाले. मग आमच्या रोजच्या कपांतले दोन कप घेऊन मी चहा केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिने कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कप तोंडाला लावला.

निघताना तिने कुंचीवरून अंगठा फिरवला. तो त्या ठिगळावर येऊन थांबला. तिने ते उचलून हळूच गालाला लावले, बारा वर्षांपूर्वी लावले होते तसेच. "हीच ना वो, बाई, ती तवाची?"

"हो," मी म्हटले.

"बरं झालं," ती म्हणाली, "पोराचा गाल नेमका हितंच टेकतोया."

एसटी चुकेल म्हणून ती घाईने गेली. मी ट्रंकेपाशी परत आले. ती उघडीच होती. आत हात घालायचे धैर्य मला झाले नाही.