त्या दिवशी मास्तर प्यायले नव्हते

आमच्या तालुक्याच्या गावात जॅझ एकदाच वाजलं आणि त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाळेतून मी नुकताच निवृत्त झालो होतो. संगीत महोत्सव दरवर्षीचाच. त्या वर्षी महोत्सव भरवणाऱ्या आमदारसाहेबांची मुलगी पुण्याहून शिकून आली होती. शेवटच्या दिवसासाठी तिने मुंबईचे चार वादक बोलावले.

दुपारी ते मंचावर वायरी जोडत असताना रस्त्यावरून नवरदेवाची मिरवणूक गेली. बँडमधली क्लॅरिनेट ऐकून त्यांच्यातला सॅक्सोफोनवाला, पांढऱ्या दाढीचा माणूस, तसाच अनवाणी मिरवणुकीमागे चालत गेला. मिरवणूक मांडवात पोचल्यावर परतला तो सिरसाळ्याच्या बँडमास्तरांना सोबत घेऊनच. मग मंचामागच्या लिंबाखाली दोघं वाजवत बसले. बोलणं मोडक्या हिंदीत, दोन-चार वाक्यांचं. मास्तरांनी मुलीच्या पाठवणीला वाजवतात ते धरलं. सॅक्सोफोनवाला थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागून जात राहिला, परक्या घरात जपून पाऊल टाकावं तसा. पाठवणीचं ते वाजवणं मी शंभर लग्नांत जेवता जेवता ऐकलं असेल. त्या दुपारी पहिल्यांदा माझे डोळे भरून आले. कार्यक्रमाच्या शेवटी मास्तरांनी त्यांच्यासोबत वाजवायचं, असं तिथेच ठरलं.

संध्याकाळी मास्तर अंघोळ करून आले.

"सर, बँडचा डगला घालू का ह्यो सदराच राहू दिऊ?"

सदराच बरा, मी म्हणालो. ते इतके जवळ उभे होते की त्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता. चहाचाच. हे मुद्दाम लिहितो आहे.

आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे आधी सत्कार. ज्याचं नाव राहिलं तो पुढच्या निवडणुकीपर्यंत बोलत नाही. मंचावर चिठ्ठ्या येत राहिल्या. कुणी सभापती, कुणी माजी सरपंच, कुणाचे मेहुणे. मी एकही चिठ्ठी बाजूला ठेवली नाही. फेटा, शाल, नारळ, फोटो. वादकांना जेमतेम निम्मा वेळ मिळाला. दहाला माईक बंद करायचा नियम, आणि पोलीस अधिकारी मंचाखालून मनगटावर बोट ठेवून दाखवू लागले. तेवढ्यात मागची पोरं ओरडायला लागली, आपल्या मास्तरला वाजवू द्या म्हणून. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळा वेळ सत्कारात गेला, हे बोलायची माझी छाती झाली नाही.

मी माईकवर म्हणालो, "आपले मास्तर आत्ता वाजवण्याच्या अवस्थेत नाहीत. क्षमा असावी."

लोक हसले. बँडवाला आणि अवस्था म्हटल्यावर आमच्याकडे दुसरा अर्थ कुणी काढत नाही, आणि मला ते ठाऊक होतं. मास्तर पडद्यामागेच उभे होते, क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून ओली करत. त्यांनी सगळं ऐकलं. काय झालं, असं सॅक्सोफोनवाल्याने मला विचारलं. वेळ संपली, मी सांगितलं. खरं बोललो ते तेवढंच, आणि तेही इंग्रजीत. तो मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मास्तर मान वर न करता क्लॅरिनेटचे भाग सुटे करून फडक्यात गुंडाळत होते.

पुढच्या लग्नसराईत त्यांच्या बँडला सुपारी मिळेना. तेलगावात एका साखरपुड्याच्या पंगतीत माझ्या शेजारचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "त्या मास्तरचा बँड नको सांगू बे, भर कार्यक्रमात पिऊन पडलता." मी वरणात भात कालवत राहिलो. त्या दिवाळीनंतर मास्तर उतारवयात कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. नंतरही दर वर्षी जात राहिले, पाठीनं साथ सोडेपर्यंत.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको सुपात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मला कावून सांगताव, सर? मालकानं कधी घोट घेतला न्हाई, मला ठावं हाय. तुमी माईकवर बोलले होते ना? मंग ज्यांनी आयकलं त्यांना सांगा."

महोत्सव केव्हाच बंद पडला. त्या दिवशी हसलेल्यांपैकी बरेच आता नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी लिहितो. मास्तर शुद्धीत होते. वाजवायला तयार उभे होते. खोटं बोललो तो मी.