हुंगलेले हात

“बाहेर ये. हात पुढे कर.”

सर असं म्हणाले तेव्हा कॅफेतली बहुतेक टेबलं भरलेली होती. मी काउंटरच्या मागून बाहेर आले. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, शाळेत छडी खायला करायचो तसे. समोर एक बाई उभ्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, डोक्यावर चढवलेला गॉगल, एका हातात फोन. फोन चालू होता. त्या वाकल्या. त्यांचं नाक माझ्या तळहाताजवळ आलं. त्यांचा श्वास मला बोटांवर लागला.

“हाताला तर कॉफीचाच वास येतोय,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सुटले.

मग त्यांचं नाक माझ्या खांद्याशी आलं. मग कानामागे. मी हलले नाही. हलायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

“केसांत आहे,” त्या सरांना म्हणाल्या. “मासळी. मुरलीय.”

कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही. घरात पाहुण्यांसमोर हसतात तसं, जरा आवरून.

माझे हात अजून पुढेच होते. कुणी खाली घ्यायला सांगितलं नव्हतं.

मी दातिवऱ्याची. आमच्याकडे होडी आहे, बाप आणि काका ती चालवतात, आई मासळी विकते. मी बारावी झाले आणि पालघरला या कॅफेत लागले. जिल्ह्याची कचेरी आली, रस्ते रुंद झाले, वकील आले, साहेब आले, त्यांच्यामागून असे कॅफे आले. आमचे सर बोईसरहून गाडीने यायचे. तारापूरच्या बाजूला त्यांच्या वडिलांचा रंगांचा कारखाना होता. कॅफे ही मुलाची हौस.

मला सिंकवर ठेवलं होतं. कप धुवायचे, फरशी पुसायची, दुधाच्या पिशव्या फाडायच्या. पण मला कॉफीच्या मशीनवर उभं राहायचं होतं. पुढे, लोकांसमोर. दूध तापवताना वाफेचा आवाज कधी जाड होतो, दुधाचा जग कधी तिरपा करायचा, हे मी दुकान उघडण्याआधी येऊन शिकले होते. रिंकूने शिकवलं. रिंकू यूपीचा, बोईसरच्या चाळीत राहायचा, मशीन तो बघायचा. “तेरा हाथ अच्छा है,” तो म्हणायचा. सरांनीही एकदा मी केलेली कॉफी पिऊन मान हलवली होती. आणि शब्द दिला होता, की त्या मॅडम येऊन पसंत करून गेल्या की तू पुढे.

त्या मॅडम म्हणजे याच. कॅफे बघत फिरायच्या आणि फोनवर दाखवायच्या, ऑर्डर देण्याआधीच एखादा कॅफे चांगला की वाईट ते कसं ओळखायचं. पालघर, बोईसर, डहाणूची बरीच माणसं ते बघायची. सरांनी त्यांना स्वतः बोलावलं होतं.

आता हातांचं सांगते.

रोज सकाळी मी आले की सर म्हणायचे, “हात.” मी दाखवायचे. ते हुंगायचे. फक्त माझे. रिंकू दाराबाहेर बिडी विझवून आत यायचा, त्याचे कधी नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उपाय सांगितला. मशीनमधून निघणारा कॉफीचा ओला चोथा असतो, त्याने हात घासायचे. “कॉफी सगळे वास खाते,” ते म्हणाले. मी घासायचे. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. कातडी सोलवटली, भेगा पडल्या, त्यात भांड्यांचा साबण जायचा. मी म्हणायचे, पुढे उभं राहायचं तर एवढं करायला हवं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच मला सांगत होते.

मॅडम येणार होत्या त्या दिवशी आईची कंबर धरली होती. म्हणून पहाटे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील मी उतरवले. वलांडी आमच्या डोक्याहून उंच असते. खाली उभं राहून काढताना बोंबील केसांवरून, खांद्यावरून घसरत खाली येतात. नंतर मी डोक्यावरून अंघोळ केली. केस ओले होते तशीच एसटी धरली. हात मात्र दोनदा घासले.

मॅडम आल्या त्या बसल्या नाहीत.

“बसायच्या आधी बघायचं,” त्या फोनकडे बघत बोलत होत्या, “आणि मागवायच्या आधी वास घ्यायचा.” त्यांनी मशीनची वाफेची नळी बघितली, तिच्यावर दूध वाळलेलं नाही ना ते. नळी लखलखत होती. मी पुसली होती. कप पालथे, कोरडे. मी ठेवले होते. काचेच्या बरणीतले दाणे, टेबलांचे कोपरे, बाथरूमची फरशी. सगळं बघून त्या “छान, छान” म्हणत होत्या आणि प्रत्येक “छान”ला मी मनातल्या मनात एक पाऊल पुढे सरकत होते.

मग त्या थांबल्या. नाक वर केलं.

“काहीतरी आहे इथे.”

सरांनी फ्रीज उघडला नाही. मोरी बघितली नाही. कचऱ्याचा डबा बघितला नाही. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

“कोळ्यांकडची मुलगी आहे ती,” ते म्हणाले. “बाहेर ये. हात पुढे कर.”

पुढचं वर सांगितलंच आहे.

हुंगून झाल्यावर सर मला म्हणाले, “मागच्या दाराशी थांब. मॅडम जाईपर्यंत आत यायचं नाही.”

मागच्या दाराशी कचऱ्याचे ड्रम होते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर माशा. तिथे खरोखर वास होता. मी तिथे उभी राहिले. जाळीच्या दारातून आतलं ऐकू येत होतं. मॅडमनी आता बसून कापुचिनो मागवली. रिंकूने केली. मी पुसलेल्या नळीने, मी धुतलेल्या कपात.

“अप्रतिम,” मॅडम म्हणाल्या.

थोड्या वेळाने रिंकू बिडी ओढायला बाहेर आला. “बुरा मत मान,” तो म्हणाला. “बाल कटवा ले थोड़े. सेठ भूल जाएगा.” तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला मशीन शिकवलं होतं, आणि केस कापायचा सल्लाही त्यानेच दिला.

मी ॲप्रन ड्रमवर ठेवला आणि निघाले.

बाजारात गेले. आई कंबर धरलेली असतानाही येऊन बसली होती. पाटीत बोंबील, फळीवर पापलेटं. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा तिच्यासमोर एक गृहस्थ उभे होते, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. त्यांनी एक पापलेट उचललं, ताजं आहे का बघायला कल्ला उघडला, आत बोट घातलं. बोट हुंगलं. तोंड वाकडं केलं आणि मासा फळीवर टाकून चालायला लागले.

“दादा,” आई म्हणाली. “कल्ला उघडलात. भाव बोला.”

“नकोय मला.”

“नको तर नको. पन बोला. कमी बोला, मी देनार नाय. पन बोलून जावा.”

“ही काय जबरदस्ती?”

“जबरदस्ती नाय. रीत हाय.” आईचा आवाज चढलेला नव्हता. “तुमी उघडून टाकून गेलात तं मागनं येनारा गिऱ्हाईक म्हनतो, कुनीतरी नाकारलेला मासा. डोल्यांनी बघा, दिवसभर बघा, फुकट हाय. बोट घातलं का बोलाया लागतं.”

आमच्या बायकांत ही रीत जुनी आहे. कल्ला उघडला की भाव बोलायचा. उघडून गप निघून जायचं नाही. आईच्या दोन्ही बाजूंच्या बायका मासळी कापायच्या थांबल्या होत्या. कोयते हातातच होते. त्या नुसत्या बघत होत्या.

गृहस्थांनी काहीतरी भाव पुटपुटला.

“नाय परवडत,” आई म्हणाली. “जावा आता. आनि हे पानी घ्या, बोट धुवा. हुंगत फिरू नका गावभर.”

बायका हसल्या. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता.

मग आईने मला बघितलं. “लवकर सुटलीस?”

मी सांगितलं. रोजचे हात सांगितले, चोथा सांगितला, मॅडम सांगितल्या, ड्रम सांगितले. ती पापलेटावर पाणी मारत ऐकत होती.

“तुजं केस हुंगलं?”

“हो.”

“सगल्यांम्होरं?”

“हो.”

“आनि कोन कायच नाय बोललं. तूबी नाय.”

मी पाटीतले बोंबील सारखे केले.

तिने मघाचं पापलेट उचललं, कल्ला दाबून मिटवला आणि फळीवर सरळ ठेवलं. “ह्यो मेलेला हाय, बाय. ह्यो गप ऱ्हातो. तू कशाला गप ऱ्हायलीस?”

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. जवळ घेतलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ते वाक्य घेऊन मी घरी गेले आणि ते वाक्य घेऊनच दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत आले.

सर खुशीत होते. मॅडमचा व्हिडिओ आला होता. ते रिंकूला दाखवत होते, टेबलावरच्या दोन गिऱ्हाइकांनाही. मीही बघितला. नळी, कप, दाणे. मग माझे हात. नुसते हात, भेगा पडलेले. वर मॅडमचा आवाज: एकच उणीव होती, ती मालकांनी लगेच दूर केली.

दूर केलेली उणीव मी होते.

“तुझा चेहरा घेतलेला नाही, बघ,” सर म्हणाले. “मॅडम चांगल्या आहेत. आता मशीन रिंकूच बघेल. तू सिंकवर. बाहेर यायचं नाही.” आणि सवयीने मान जरा पुढे काढून म्हणाले, “हात.”

मी हात पाठीमागे बांधले.

“हात दाखव.”

“नाही.”

“काय?”

“आधी रिंकूचे हुंगा. मग तुमचे मी हुंगते. बोईसरहून येता तेव्हा तुमच्या शर्टाला कारखान्याचा वास येतो. रोज येतो. तोच वास आमच्या खाडीच्या पाण्यालाही येतो. मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, बाहेर या.”

सर हसले. मग हसायचे थांबले.

“माज आलाय तुला.”

“वास माझ्या केसांना आहे. राहणार. तुम्ही तो सगळ्यांसमोर हुंगवलात, आता सगळ्यांसमोर बोला. मी मशीनवर नको, ते कशामुळे? माझ्या हातची कॉफी तुम्ही प्यायलात. ती वाईट होती?”

“प्रश्न कॉफीचा नाहीये.”

“मग कशाचा आहे?”

“हे बघ, तुम्हा लोकांना कितीही पुढे घेतलं तरी...” आणि ते थांबले.

“वाक्य पुरं करा,” मी म्हणाले.

नाही केलं. मी थांबून राहिले. टेबलावरची दोन्ही गिऱ्हाइकं कपात बघत होती. कपात काही नव्हतं. मी रिंकूकडे बघितलं. त्याने ग्राइंडर चालू केला. त्या घरघरीत मग कुणाला काही बोलायची गरज उरली नाही.

“निघ,” सरांचे ओठ हलले.

मी पुढच्या दाराने बाहेर पडले. मागच्या नाही.

यानंतर काही चांगलं घडलं असं समजू नका. व्हिडिओ अजून आहे. माझे हात लोक अजून बघतात. स्टेशनजवळच्या दुसऱ्या कॅफेत विचारायला गेले, तिथल्या मालकाने कुठली म्हणून विचारलं. दातिवऱ्याची म्हटल्यावर त्याची नजर माझ्या केसांवर गेली. कळवतो म्हणाला. कळवलं नाही. मशीनवर मी अजून उभी राहिलेली नाही. पहाटे वलांडीखाली असते, दुपारी आईशेजारी फळीवर. हातांच्या भेगा भरल्या, वण राहिले. चोथ्याने आता मी काहीच घासत नाही.

पण मशीनवर उभं राहायचा विचार मी सोडलेला नाही. कॅफेत कामाला जाईन, नाहीतर पैसे टाकून कॉफी प्यायला जाईन. दोन्ही वेळा आता मीही आधी बघणार. नळी नाही, कप नाही, दाणे नाहीत. सरळ मागच्या दाराशी जाणार. ड्रमांपाशी कुणाला उभं केलंय ते बघणार. कुणी असेल, तर तिला घेऊन पुढच्या दाराने आत येणार आणि भरल्या दुकानात मालकाला विचारणार, हिला तिथे कशासाठी ठेवलंय ते बोला.

आणि माझ्या केसांजवळ पुन्हा कुणाचं नाक आलं, तर त्याला बोलल्याशिवाय जाऊ देणार नाही. कोळ्यांची म्हणून नको असेन तर तसं म्हणायचं. तोंडाने, मोठ्याने, नाव घेऊन. ते वाक्य पुरं होईपर्यंत मी दारात उभी राहणार आहे.