शेवटचे तीन आकडे

केरबा अडतीस वर्षं उद्यमनगरच्या फाउंड्रीत साचे भरत होता. निवृत्तीनंतर गल्लीतल्या तालमीचं वाचनालय उघडायचं, झाडायचं आणि बंद करायचं काम त्यानं अंगावर घेतलं. दोन हजार सहा साली तिथं कुणीतरी जुना कॉम्प्युटर आणून दिला. गल्लीतल्याच निशानं त्यावर विंडोजऐवजी फुकटात मिळणारं लिनक्स घातलं. तिला पोरींना टायपिंग शिकवायचं होतं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअरचं पॅकेज मात्र इंटरनेटवरून उतरवायचं होतं.

इंटरनेट तालमीच्या फोनवरनंच लागायचं आणि तो फोन दिवसाला तासभर मिळायचा. लाईन तुटायची, वीज जायची. म्हणून निशा रोज कालच्या अर्ध्या फाईलीला पुढचा भाग जोडत होती. रविवारी सुरू केलेली फाईल गुरुवारी पुरी झाली आणि कॉम्प्युटरनं ती नाकारली. खराब आहे म्हणे.

"रविवारच्या मीटिंगपतूर चाललं तर चाललं," तालमीचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले. "न्हाय तर खोली कॅरमला देणार. पोरं कवाधरनं मागं लागल्यात."

निशानं कॉम्प्युटरला फाईल बसवायचा तोच हुकूम पुन्हा दिला. तिसऱ्यांदाही दिला.

"पोरी, तेच तेच करून काय हुणार?" केरबा म्हणाला. "खराब म्हंजे कुठं खराब?"

"ते सांगत न्हाय, मामा."

केरबाला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. उतरवायला सुरुवात झाली की पडद्यावर फाईलीचा एकूण आकार दिसायचा. तो आठ अंकी आकडा त्यानं रोज वहीत लिहिला होता. आता त्यानं वही काढून एकेक ओळ बोटानं ताडली. मंगळवारपर्यंत शेवटचे तीन आकडे ४१२. बुधवारी ९६८. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यानं गुरुवार पाहिला. तिथंही ९६८.

"एकाच फाईलीचं वजन मधेच कसं वाढलं गं?"

निशानं वही ओढून घेतली. "मामा, तिकडं फाईलच बदलली की! नाव तेच, माल नवा. आपलं तीन दिवसांचं जुनं, त्याच्यावर दोन दिवसांचं नवं."

"मग टाक पुसून."

"पाच दिवस घालवल्यात, मामा!"

"दोन येगळ्या साच्यांतली अर्धी-अर्धी कास्टिंग जोडून पंप हुईत न्हाय. पूस."

फाईल पुन्हा मधेच बदलू नये म्हणून आता सलग पाच तास लाईन लागणार होती. केरबा हंबीररावांच्या दारात गेला.

"शनिवारी सकाळी सहापास्नं फोनला कुणी हात लावायचा न्हाय."

"आनि एवढं करून न्हाय चाललं तर?"

"तर कॅरमला पावडर मी मारतो."

शनिवारी तो फोनशेजारी स्टूल टाकून बसला. उचलायला आलेल्या चौघांना त्यानं परत पाठवलं. चहासुद्धा तिथंच. साडेअकराला फाईल पुरी झाली. शेवट ९६८. कॉम्प्युटरनं ती मुकाट्यानं घेतली.

रविवारी हंबीररावांनी एका बोटानं स्वतःचं नाव टाईप केलं. त्याला चार मिनिटं लागली. "कॅरम व्हरांड्यात लावा," ते म्हणाले.

सोमवारी सात पोरी आल्या. खुर्च्या चारच होत्या. केरबा पेपर वाचायचा बाक आत ओढायला लागला.