सीमेवरचा हळू मीटर

"थापासाहेबांना चहा द्या, तोवर मीटर पॅक करून टाका," शेठ म्हणाले.

"पॅक नाही होणार," मी म्हणाले. "दुसरा मीटर हळू चालतोय."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसई रोडच्या पूर्वेला विजेचे मीटर बनवणारा छोटा कारखाना होता. तिथे मी टेस्टिंग इंजिनीअर होते. पापडीच्या घरून बसने यायचे. मीटरची ही जोडी नेपाळच्या सीमेवरच्या सबस्टेशनसाठी होती. एक मीटर आपण त्यांना दिलेली वीज मोजणार, दुसरा त्यांनी आपल्याला दिलेली. त्यांच्याकडून वीज यायची ती थोडी थोडीच. आणि दुसऱ्या मीटरची चकती नेमकी लो लोडला, म्हणजे कमी वीज वाहताना, रेंगाळत होती. फुल लोडला चोख. नेपाळहून तपासणीला आलेल्या थापासाहेबांनी तेवढंच पाहिलं होतं.

शेठ जवळ आले. "फिलोमिना मॅडम, तोटा झाला तर त्यांचा. आपल्या देशाचा फायदाच ना?"

"रिपोर्टवर सही माझी आहे."

"तुम्ही आहात कोणाच्या बाजूच्या?"

"मीटरला बाजू नसते, शेठ. असली तर तो मीटर कसला?"

"मग उद्यापासून येऊ नका."

"नाही येणार. पण आज टेस्ट बेंच माझा आहे."

मी थापासाहेबांना हाक मारली. लोड कमी केला. ते चकतीकडे बघत राहिले. मग हिंदीत म्हणाले, "आमच्याकडे लोक म्हणतात, मोठ्या शेजाऱ्याचा काटा त्याच्याकडेच झुकतो. मी भांडायच्या तयारीनेच आलो होतो."

"भांडा की. पण आधी मला स्क्रू फिरवू द्या."

लो लोडसाठी मीटरमध्ये वेगळा स्क्रू असतो. तो हळूहळू फिरवत मी चकती वेगावर आणली. थापासाहेबांनी स्वतः पुन्हा तपासलं, मग दोघांनी सील लावलं. संध्याकाळी माझा डबा आणि छत्री घेऊन मी बाहेर पडले.

पुढे माणिकपूरच्या एका कंपनीत लागले. काही वर्षांनी दोन्ही सरकारांचं बिनसलं. सीमेवर रॉकेलचे टँकर अडले. त्या दिवसांत माझा नवा नंबर शोधून थापासाहेबांनी ऑफिसात फोन केला.

"मॅडम, इथे सगळ्यावरून वाद चाललाय. तुमच्या मीटरवरून नाही."

शेजाऱ्याशी नीट राहायचं असेल, तर स्वतःला लो लोडला तपासावं. फुल लोडला सगळेच बरोबर चालतात.