वळसंगहून आणलेली मोटारसायकल

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मला रॉकेलच्या वासाची सवय झाली. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं शेजाऱ्यांबरोबर सामाईक अंगण. माझे यजमान गिरणीत फिटर. सुट्टीला ते जुन्या मोटारसायकली शोधायचे, अंगणात खोलून सुटे भाग रॉकेलनं धुवत बसायचे आणि चालत्या झाल्या की विकायचे. त्यातून फारसं काही सुटायचं नाही. पण हात काळे झाले की माणूस खुलायचा.

त्या वर्षी, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, माझे सासरे गेले. त्यानंतर सहा महिने यांनी पान्याला हात लावला नाही. कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीला टेकून बसायचे. वळसंगला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गाडी पडून आहे असं कळलं, तेव्हा मीच म्हटलं, "चला, मीपण येते."

गाडी कडब्याआड उभी होती. लष्कराच्या लिलावातली, इंग्रजी बनावटीची. सीटवर कोंबडी बसलेली. शेतकऱ्यानं तिला हुसकलं आणि म्हणाला, "माज्या भावानं आणलीती. त्यो ग्येला म्हैसूरला, तवापासून हितंच हाय."

"चालते का?" यांनी विचारलं.

"चालती की! लई दणकट हाय."

तेवढ्यात दारातून त्याची बायको त्याला कानडीत म्हणाली, "चालू होते अन् दोन मिनिटांत बंद पडते, तेही सांगा की."

तोही कानडीतच म्हणाला, "दुरुस्ती करणारी माणसं आहेत. बघतील त्यांचं ते."

यांना कानडीचा गंधही नव्हता. माझं माहेर अक्कलकोटजवळचं, मला शब्दन् शब्द कळला. मी बोलणारच होते. पण यांनी शर्टाच्या बाहीनं टाकीवरची धूळ पुसली आणि माझ्याकडं बघून हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी काही बोलले नाही. त्या बाईनं आम्हाला ताक दिलं, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. खरंच, किक मारली की चालू व्हायची, दोन मिनिटं धडधडायची आणि गुदमरून बंद पडायची. यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, टाकी तीनदा धुतली. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून सायलेन्सर मात्र कधी काढला नाही. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझा हातच गेला बहुतेक."

गाडीचा दोष घेतानाच ठाऊक असता तर त्यांनी स्वतःला बोल लावला नसता.

दुपारी त्यांनी गंज खरवडायला म्हणून सायलेन्सर काढला आणि धुवायला माझ्याकडं दिला. मी नळाखाली एका टोकानं पाणी ओतलं. दुसऱ्या टोकानं येईचना. लोखंडी तार घालून टोचलं, तर मातीची ढेकळं पडायला लागली. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं, चांगलं मूठभर.

"अहो, हे बघा!"

ते धावत आले. एक ढेकूळ बोटांत चुरून बघितलं. सायलेन्सर वाळवून बसवला, किक मारली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. शेजारची तेलुगू बाई सुताचं काम सोडून बघायला आली.

संध्याकाळी जेवताना मी त्यांना वळसंगचं सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो. तुम्ही हसलात, म्हणून गप्प बसले."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "सांगायचं होतंस. तरीही घेतलीच असती मी." आणि भाकरी मागितली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात मोडनिंबहून गिऱ्हाईक आलं, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला खेडोपाडी फिरायला गाडी हवी होती. त्यानं विचारलं, "काही खोड?"

यांनी मोजायला सुरुवात केली. तिसरा गिअर घट्ट पडतो. इंजिनाखाली तेलाचा थेंब येतो. सकाळी किक उलटी मारते, पाय जपा. मागचा ब्रेक उशिरा लागतो. मीच शेवटी दारातून म्हटलं, "अहो, पुरे की."

कंपाउंडर हसला. "एवढं तर मुलगी दाखवतानाही कुणी सांगत नाही!" त्यानं चहा घेतला, पेठेत एक फेरी मारून आला आणि गाडी घेऊन गेला.

अंगण एकदम मोठं वाटायला लागलं. शेजारणीनं लगेच तिथं सूत वाळत घातलं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो.

"मोहोळकडं एक गाडी आहे म्हणतात," थोड्या वेळानं ते म्हणाले. "येणार का?"

मी म्हटलं, "तिथं कानडी नाही बोलत."

"नसू दे. तू चल."