तेवीस किलोतला अकॉर्डियन

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. पण ज्या माणसाने अडतीस वर्षं गावभरच्या दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले, त्याचं खरं आडनाव लक्षात ठेवायला कुणाला सवड असते? पोस्टमनसुद्धा पत्र हातात धरून जिन्यातच विचारायचा, काटेकाका आहेत का घरी. पाकिटावर भलतंच आडनाव असायचं आणि पत्र मात्र बरोबर पोचायचं.

माणूस बुटका, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर आणि उजवा हात जगप्रसिद्ध. निदान आमच्या जिन्यापुरता तरी. कुठलीही वस्तू त्या हातात घ्यायची, दोनदा हलकेच झुलवायची आणि वजन सांगायचं. इमारतीत बाळ जन्माला आलं की आत्यामावशांच्या आधी ते काकांच्या हातात जायचं. काका म्हणायचे, "तीन किलो शंभर." दवाखान्याच्या कागदावर तीन किलो दीडशे लिहिलेलं असलं, तर आम्ही सगळे दवाखान्याच्या काट्याची कीव करायचो.

ही झाली त्यांची कीर्ती. आता अपकीर्ती. रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ काका अकॉर्डियन वाजवायचे. त्यांना साडेतीन धुना येत होत्या. चौथी अर्ध्यातच का सोडतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. न जाणो, उरलेली अर्धी शिकायला घ्यायचे. आमच्या मजल्यावरच्या मुलांनी सातच्या आत अभ्यास उरकायची जी चांगली सवय लावून घेतली, तिचं श्रेय शाळेने उगाच घेऊ नये.

अकॉर्डियन त्यांना मिळाला तो भंगारवाल्याकडे. आपलं दुरुस्तीचं दुकान काढलं त्याच वर्षी काका त्याचा काटा दुरुस्त करायला गेले होते, आणि हा गडी पारड्यातच पडलेला. भंगारवाला म्हणाला, मजुरीऐवजी हाच उचला. काकांनी उचलला, दोनदा झुलवला, "अकरा किलो चारशे," म्हणाले आणि काखोटीला मारून घरी घेऊन आले. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, नवऱ्याने कुणाचा तरी टाइपरायटर आणलाय. पुढे त्याचा भाता तीन ठिकाणी फाटला. काकांनी काट्यांवर घालायच्या रेक्झीनच्या खोळी कापून ठिगळं लावली. वरून पाचवी पट्टी दाबली की खालीच बसायची, ती करंगळीने पुन्हा वर काढावी लागायची. काका हे इतक्या सफाईने करायचे की नवखा माणूस समजायचा, ही त्यांची खास लकब आहे.

तर अशा काकांचे गुडघे बोलू लागले. दुकान दिलं दुसऱ्याला. परदेशातल्या मुलीने आईवडिलांना कायमचं बोलावून घेतलं. मुलगी मोठी व्यवस्थित. बापाच्या गुडघ्यांना झेपेल इतक्याच उंचीचा पलंग, घरातल्या चपला, न्हाणीघरात धरायला दांडी, लोकरी पायजमे, दात घासायचा ब्रशसुद्धा घेऊन ठेवला होता. फोनवर एकच पालुपद, बाबा, तुम्ही फक्त या.

काकांनी अकॉर्डियनचं नाव काढलं तेव्हा ती हसली. म्हणाली, तो कशाला वाहून आणताय, इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत अकॉर्डियन रांगेने पडलेले असतात, आल्यावर तुमच्या पसंतीने घेऊ. वर तिने फोटो धाडले. एक लालभडक, एक मोत्यासारखा पांढरा, एक तर असा चकचकीत की त्यात फोटो काढणाऱ्या मुलीचं नाक दिसत होतं. काकांनी तिन्ही फोटो चष्म्याच्या वरून पाहिले आणि म्हणाले, "नवऱ्या मुलासारखे सजवून बसवलेत."

झालं. आमच्या मजल्यावर दोन तट पडले. काही म्हणाले, तिथेच घ्यावा, जुना कशाला न्यायचा. बाकीच्यांनी एकमुखाने सांगितलं की काकांनी तो न्यायलाच हवा. यात संगीतप्रेमाचा भाग किती आणि मागे राहिला तर कुणाच्या गळ्यात पडेल ही धास्ती किती, याचा हिशोब कुणी केला नाही.

काकू मुलीच्या बाजूच्या. विमानात माणशी एकच मोठी बॅग, तीही तेवीस किलोची, आणि काकूंची आधीच गच्च भरलेली. त्यातले अकरा किलो चारशे या धुडाने खाल्ले, तर अंगावर घालायचं काय? "तिथल्या थंडीत अकॉर्डियन पांघरून झोपा मग," त्या म्हणाल्या. काका दररोज नवं कारण काढायचे. एक दिवस म्हणाले, आतल्या पितळी पट्ट्या माझ्या हाताला रुळल्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ती पाचवी पट्टी नव्या पेटीत सरळ वर येणार, माझ्या करंगळीने काय करायचं? काकू म्हणाल्या, करंगळीलाही निवृत्त करा की.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुपारी आडवं पडल्यावर ते मनातल्या मनात मुलीच्या घरात फेरी मारायचे. पलंग मुलीने घेतलेला. चपला मुलीने घेतलेल्या. दांडी, पायजमे, ब्रश, सगळं तिचं, सगळं प्रेमाने दिलेलं. ज्या घरात आपली म्हणून एकही वस्तू नाही, त्या घरात माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याला निदान परत जायला स्वतःचं घर तरी असतं. काकांना त्या घरात एक अशी वस्तू हवी होती, जी त्यांना कुणी दिलेली नाही आणि जी त्यांच्यावाचून कुणाला वाजवता येत नाही. मुलीने उद्या मोत्यासारखा पांढरा अकॉर्डियन घेऊन दिला असता, तर तोही एक चप्पलच झाला असता.

मग पंधरा दिवस घरात काट्याचं राज्य होतं. दुकानातला एक काटा काकांनी घरी ठेवला होता. त्याच्यावर आधी अकॉर्डियन चढला, मग उरलेल्या अकरा किलो सहाशेत बॅगेसकट काकांचा अख्खा संसार. निळा सदरा दोनशे दहा, पांढरा एकशे ऐंशी, म्हणून निळा बाद. तो त्यांना काकूंनीच घेतलेला होता, त्यावरून एक दिवस अबोला. टूथपेस्ट अर्धी संपेपर्यंत काकूंनाही ढीगभर लावायचा हुकूम. भेटायला आलेल्या बायका चहा पिता पिता बघायच्या, तर काका एक बनियन पारड्यात टाकतायत, पुन्हा उचलतायत, उसासा सोडतायत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला साक्षीला बोलावलं. बॅग काट्यावर. आकडा तेवीस, पुढे तीन शून्यं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी दाराशी आली. काकांनी बॅग उचलली आणि ते जिन्यातच थबकले. पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"हे तेवीस नाहीत," ते म्हणाले.

"अहो, काल सगळ्यांसमोर भरले ना तेवीस? हाताचं वय झालं तुमच्या. चला आता."

हे काकूंनी अगदी सहज म्हटलं, पण काकांना ते जिव्हारी लागलं. टॅक्सीत बसल्यावर ते सबंध रस्ताभर उजव्या हाताकडे बघत राहिले. काटा घरी कुलपात राहिलेला, परत जाऊन बघायची सोय नाही. डोळे गेले, गुडघे गेले, आता हाही?

विमानतळावर रांग लागली होती. काउंटरवरची मुलगी हसतमुख, पण सकाळपासून हसून दमलेली. तिने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. आणि बॅग ठेवायच्या आधी, अडतीस वर्षांच्या सवयीने, काकांची नजर बाजूच्या लाल आकड्यांवर गेली. पट्टा रिकामा होता. रिकाम्या पट्ट्यावर शून्य दिसायला हवं. दिसत होतं शून्य दशांश आठ, आणि त्याच्या आधी एक बारीकशी आडवी रेघ. वजा आठशे ग्रॅम.

त्यांनी बॅग ठेवली. आकडे पळाले आणि थांबले.

"बरोब्बर तेवीस," मुलगी म्हणाली. "इतकं नेमकं कुणीच आणत नाही हो काका."

काकू हसल्या. नवऱ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे, बघा, तुमचा हातच चुकला. पण काकांच्या डोक्यात तोवर बेरीज झाली होती. पट्टा आठशे कमी दाखवतोय. म्हणजे बॅग तेवीस आठशे आहे. म्हणजे हात बरोबर होता! त्यांना इतका आनंद झाला की त्या आनंदात पुढचं लक्षात यायला थोडा वेळ लागला. बॅग जास्त भरतेय. हे बोललं तर बॅग उघडावी लागणार, आणि उघडलेल्या बॅगेतून बाहेर निघायला सगळ्यात सोपी वस्तू कुठली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गप्प राहिलं तर अकॉर्डियन बिनबोभाट चालला.

मुलीने चिठ्ठी छापायला घेतली. काका गप्प राहिले. अगदी खरं सांगायचं तर चांगले सात-आठ सेकंद गप्प राहिले, आणि त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत लांब सात-आठ सेकंद असावेत. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न कळताही त्यांच्या पायावर पाय ठेवला. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं कळतंच. चिठ्ठी बॅगेच्या मुठीला गुंडाळली गेली.

"बाळ," काका म्हणाले, "तुमचा काटा शून्यावर नाही."

मुलीला आधी वाटलं, काटा जास्त दाखवतोय म्हणून म्हातारा भांडणार. असली माणसं तिला रोज भेटत असणार. पण कमी दाखवतोय म्हणून भांडणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तिने बॅग बाजूला घ्यायला लावली, रेघ पाहिली, एक बटण दाबलं. शून्य आलं. बॅग पुन्हा चढली. तेवीस दशांश आठ.

"आठशे ग्रॅम काढावे लागतील," ती म्हणाली. तिलाच कसंतरी वाटलं असावं. "आज विमान पूर्ण भरलंय, नाहीतर मी..."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं या माणसाचं?" काकू वळून म्हणाल्या, "तेच मी लग्न झाल्यापासून विचारतेय."

काकांनी तिथेच फरशीवर बसकण मारली आणि बॅग उघडली. आत अकॉर्डियन बनियनांमध्ये गाढ झोपलेला. काकूंची मात्र एकदम चुळबुळ सुरू झाली. राहू द्या, मी काढते, माझी शाल काढा, ती जड आहे, असं काहीबाही बोलू लागल्या. काकांनी शाल हातात घेतली. तीनशे नव्वद, कालचीच. मग एक लोकरी मोजा हाताला लागला. मोजा इतका जड नसतो. त्यांनी तो झटकला तर पितळी वजनं खणखणली. एक पाचशेचं, एक दोनशेचं, एक शंभराचं. दुकानाच्या गल्ल्याशेजारी कायम असायची ती. दुकान दिलं तेव्हा ती विकली गेली, असं काका धरून चालले होते.

"अगं, ही?"

काकू दुसरीकडे बघत होत्या. "नवीन मालकाकडून मागून आणली," त्या म्हणाल्या. "सगळं मिळतं म्हणे तिथे. पण सकाळी उठून हात तपासायला काहीतरी लागेल ना तुम्हाला. नाहीतर दिवसभर माझं डोकं खाल."

काका फरशीवर बसून राहिले. एका हातात अकॉर्डियनचा पट्टा, दुसऱ्या हातात मोजा. पंधरा दिवस अकॉर्डियनच्या विरोधात बोलणाऱ्या बाईने त्यांच्यासाठी गुपचूप आठशे ग्रॅम बॅगेत टाकले होते, आणि तेही अकॉर्डियनवरच बेतले होते. हसावं की रडावं, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते चष्मा पुसत बसले. मागची रांग अजून एका माणसाने लांबली.

मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि तिन्ही वजनं काउंटरवर मांडली.

"ही ठेव तुझ्याकडे," ते मुलीला म्हणाले. "रोज सकाळी पहिली बॅग यायच्या आधी बघायचं, शून्य आहे का. मग ही तिन्ही ठेवायची. आठशे दाखवले तर काम सुरू करायचं. नाहीतर कुणाचं तरी काहीतरी उगाच मागे राहतं."

मुलीने पाचशेचं उचललं आणि तिचा हात दचकून खाली गेला. एवढीशी वस्तू इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. काकांनी तिला ते दोनदा झुलवून दाखवलं.

बॅग चढली. तेवीस. पट्टा सरकला आणि अकॉर्डियन रबरी झालरीखालून आत गेला. काका तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

"एवढी मिनतवारी करून मी ती आणली," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही कुणा अनोळखी पोरीला देऊन टाकलीत."

"अगं, वजनं तिथे घेऊ विकत. पाचशे ग्रॅम सगळीकडे पाचशेच भरतात. त्यात माझं काय आणि तिथलं काय?"

काकू जागच्या जागी थांबल्या. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या रबरी झालरीकडे, आणि मग पंधरा दिवसांची भांडणं, निळा सदरा, अबोला सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

"हे एवढंच पहिल्या दिवशी सांगायचंत की," त्या म्हणाल्या. "मी तुमचा निळा सदराही बसवून दिला असता."